साधी धार की दातेरी धार? खाऱ्या पाण्यातल्या सुरीवरून घेतलेला एक पाठ



आठवीला 'बल व दाब' शिकवताना आपण सगळेच सुरीचं उदाहरण देतो. धार बारीक, म्हणजे क्षेत्रफळ कमी, म्हणजे दाब जास्त. फळ्यावर सूत्र लिहायचं, एक गणित सोडवायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं. मीही बरीच वर्षं असंच केलं. मग एका वर्षी या एका वाक्यासाठी मला चार तासिका द्याव्या लागल्या. कारण सांगायला थोडं ओशाळल्यासारखं होतं. एका विद्यार्थ्याने मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्याला घाईघाईत अर्धवट उत्तर दिलं होतं. त्या उत्तरावर एका घरातले पैसे खर्च झाले, आणि नुसते पैसेच पणाला लागलेले नव्हते.

आमची शाळा शिरूर तालुक्यात, भीमेच्या अंगाला. नदीपलीकडे दौंड तालुका. पूल झाल्यापासून मुलं, सोयरिकी आणि उसाच्या गाड्या दोन्हीकडे सारख्याच ये-जा करतात. पालकांपैकी बहुतेकांच्या हातात कोयता, विळा किंवा खुरपं. पण दौंडच्या पूर्व टोकाला, खानोटा-राजेगावच्या बाजूला, उजनीचं फुगवट्याचं पाणी येतं. तिथे मासेमारीवर जगणारी घरंही आहेत. त्यातल्याच एका घरातला मुलगा मामाकडे राहून आमच्याकडे शिकत होता. त्याचा मोठा भाऊ तंगुसाची जाळी टाकण्यात तरबेज. ऑगस्टमध्ये तो कोकणात हर्णै बंदरात एका मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून कामाला निघाला.

मुलगा मधल्या सुट्टीत आला. "सर, दादाला बोटीवर स्वतःची सुरी लागणार आहे. साधी घेऊ की दात्यांची? समुद्राचं पाणी खारं असतं ना, म्हणून विचारतोय."

मी म्हणालो, "दातेरी घ्यायला सांग, स्टेनलेसची. दोर पटकन कापला जाईल आणि गंजणारही नाही."

एवढंच. चहाचा कप हातात होता, बोललो आणि विसरून गेलो. त्यांनी शिरूरच्या बाजारातून घडीची, दातेरी, चकचकीत सुरी घेतली.

भाऊबीजेला दादा दोन दिवस घरी आला तेव्हा धाकट्याने ती सुरी मला दाखवायला आणली. दात्यांच्या खाचांमध्ये तांबडे ठिपके. बिजागरीत मीठ साचून पातं इतकं घट्ट झालेलं, की उघडायला दोन्ही हात लागत होते. दादाने सांगितलं, की जाळं दुरुस्त करताना दाते शेजारच्या फासात अडकतात, एक धागा कापायचा तर तीन तुटतात. मासा साफ करताना मांस फाटतं. तांडेलाने तर सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "पाव कापायला आणलीस काय रे?" मी मान खाली घालून ऐकत होतो. पण शेवटी दादा म्हणाला, "एक मात्र खरं सर, ओला प्लास्टिकचा दोर सैल पडलेला असला की हीच सुरी चालते. साधी नुसती घसरते."

म्हणजे माझं उत्तर पूर्ण चुकीचंही नव्हतं. हे तर आणखी वाईट. पूर्ण चुकलेलं उत्तर लगेच टाकून देता येतं. अर्धं बरोबर असलेलं लोक खिशात घालून समुद्रावर जातात.

दिवाळीनंतर वर्गात 'धातू-अधातू' सुरू होतं. त्यात क्षरण येतंच. मी ठरवलं, हाच प्रश्न वर्गापुढे ठेवायचा आणि माझी चूकही सांगायची. मुलांना शिक्षकाची चूक दुरुस्त करायला जेवढा उत्साह येतो तेवढा दुसऱ्या कशालाच येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

घरातली हत्यारं आधी

समुद्र आमच्या मुलांपैकी फार थोड्यांनी पाहिलेला. म्हणून सुरुवात घरापासून केली. विचारलं, "ऊस कशाने तोडतात?" "कोयत्याने." "त्याला दाते असतात का?" सगळे हसले. "गहू कशाने सोंगतात?" "विळ्याने." "त्याला?" इथे वर्गात दोन तट पडले. काहींच्या घरी साधा विळा, काहींच्या घरी दातेरी.

मग विचारलं, कोयत्याला दाते का नसतात? थोडा वेळ शांतता. एक मुलगी म्हणाली, "सर, कोयता मारतात. विळा ओढतात." तिचे आईवडील न्हावऱ्याच्या बाजूला तोडीला जायचे.

या एका वाक्यात निम्मा पाठ आला. कापण्याचे दोन प्रकार आहेत. एकात धार वस्तूवर सरळ दाबतात किंवा आपटतात. दुसऱ्यात धार वस्तूवरून ओढतात. घावाचं काम असेल तर सलग, वजनदार, साधी धार लागते. ऊस बुडख्यापासून एका घावात सुटला पाहिजे. तिथे दाते असते तर ते चिपाडात रुतून बसले असते आणि दोन दिवसांत मोडलेही असते. गव्हाच्या काड्या मात्र मुठीत धरलेल्या असतात, गुळगुळीत आणि लवचीक. साधा विळा थोडा बोथट झाला की त्या काड्या नुसत्या वाकतात. दातेरी विळा त्यांना धरून ठेवतो आणि ओढीबरोबर कापतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा 'नवीन' विळा दातेरी आहे तो याच कारणाने. साध्या विळ्यासारखी त्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागत नाही.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण शिरूरच्या शिक्षकाने हे सांगितलं नाही तर कोण सांगणार? आपल्या तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तांबं त्यांना माहीत होतं, पण ते दुर्मिळ. रोजच्या कापाकापीला कॅल्सिडोनी नावाच्या गारगोटीसारख्या दगडाची लांबट, पातळ पाती वापरायचे. दख्खनच्या त्या काळातल्या वस्त्यांमध्ये अशा काही पात्यांच्या कडेला मुद्दाम पाडलेले दाते मिळतात. म्हणजे 'साधं की दातेरी' हा वाद आपल्या भागात लोखंड यायच्या आधीपासूनचा आहे. मुलांना हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "त्यांच्यावेळी गंजायचं नाही ना सर?" दगड कसा गंजेल? प्रश्न मात्र नेमका होता.

फळ्यावरचं गणित

आता दाबाकडे येऊ. एक दोर सुरीखाली आहे, धारेचा 40 मिलिमीटर भाग त्याला टेकला आहे असं धरा. साध्या धारेत हाताचं सगळं बल या 40 मिलिमीटरवर पसरतं. दातेरी धारेत आधी फक्त दात्यांची टोकं टेकतात. 10 टोकं, प्रत्येक 0.2 मिलिमीटर, म्हणजे एकूण 2 मिलिमीटर. धारेची जाडी दोन्हीकडे सारखी धरली तर त्याच बलाला दाब 20 पट होतो.

एवढं झालं की वर्ग एका सुरात म्हणतो, "मग दातेरीच चांगली!" मीही ऑगस्टमध्ये इथेच थांबलो होतो. थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा, की टोकं आत घुसल्यावर काय होतं? मग खाचाही वस्तूला टेकतात आणि 20 पटीचा फायदा संपतो. आता पातं पुढे-मागे ओढावंच लागतं, आणि ओढताना प्रत्येक दाता आपल्या वाटेतलं तंतू-तंतू फाडत जातो. दोराच्या बाबतीत फाटलं तर कुणाचं काय जातं? माशाच्या तुकडीचं जातं. जाळ्याचं त्याहून जास्त जातं, कारण तिथे जो धागा कापायचा नाही तोही दात्यात येतो.

खाचांचा एक फायदा मात्र गणितात दिसत नाही. सुरी फळीवर, हाडावर, बोटीच्या कठड्यावर आपटते तेव्हा मार टोकांना बसतो. खाचांच्या आतली धार सुरक्षित राहते. म्हणून दातेरी सुरी बोथट झाल्यावरही कापत राहते, वाईट कापते पण कापते. साधी सुरी बोथट झाली की कापणंच थांबवते.

दोर कापून पाहिला

हा प्रयोग करणार असाल तर आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. पातं मुलांच्या हातात देऊ नका. मी स्वतः कापलं, हातात जाड मोजे घातले. मुलं दोन मीटर लांब बसून ओढी मोजत होती आणि वहीत लिहीत होती. दोर चार प्रकारचे घेतले: सुतळी, काथ्या, नायलॉनची दोरी आणि तंगूस. प्रत्येक आधी ताणून बांधला, मग सैल ठेवला. कोरडा, मग ओला. सुऱ्या दोन, एक साधी आणि एक दातेरी, दोन्ही नव्या.

पहिल्या फेरीत मुलं निराश झाली, कारण फरकच दिसेना. ताजी धार असलेली साधी सुरी सगळं कापत होती. ताणलेली नायलॉन दोरी तर तिने टेकवताच तुटली. दातेरीला एक ओढ घ्यावी लागली. वर्गाचं मत लगेच फिरलं.

मग मी साध्या सुरीची धार विटेवर चार-पाच वेळा घासली, दातेरीचीही तशीच, आणि दुसरी फेरी घेतली. आता सैल आणि ओल्या दोरीवर साधी सुरी दोरीला नुसती ढकलत होती, कापत नव्हती. दातेरीने दोरी धरली आणि ओढीबरोबर तोडली. ताणलेल्या दोरीवर मात्र बोथट साधी सुरीही जरा जोर लावल्यावर चालली. दोरी ताणलेली असली की तिचे तंतू आधीच तुटायच्या काठावर असतात, सुरीचं काम थोडंच उरतं.

शेवटी तिसरी फेरी. विटेवर घासलेली साधी सुरी ओल्या दगडावर दोन मिनिटं पाजळली. पुन्हा पहिल्यासारखी. दातेरीला धार लावायला गेलो तर तो सपाट दगड काही कामाचाच नाही. दाते घासले जातात, खाचा तशाच राहतात. त्याला गोल किंवा निमुळती कानस लागते, एकेक खाच वेगळी घासावी लागते, तीही बहुतेक सुऱ्यांना एकाच बाजूने. पूर्वी रस्त्याकडेला भाता लावून बसणारी घिसाडी मंडळी दातेरी विळ्याचे दाते छिन्नीने पुन्हा पाडून द्यायची. हर्णैच्या बोटीवर हे कोण करणार?

एका मुलाने वहीत लिहिलं होतं ते मी जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं: "साधी सुरी रोज सांभाळणाऱ्यासाठी, दातेरी न सांभाळणाऱ्यासाठी." मला वाटतं, दुकानदारही इतकं नीट सांगणार नाही.

आता खारं पाणी

इथपर्यंतचं सगळं गोड्या पाण्यातही खरं आहे. दादाचा मूळ प्रश्न खाऱ्या पाण्याचा होता.

चार बरण्या, प्रत्येकीत दोन साधे लोखंडी खिळे. (खिळे घेताना जस्ताचा मुलामा नसलेले मागा. पहिल्या वेळी मी चकचकीत खिळे आणले आणि आठवडाभर काहीच झालं नाही.) पहिलीत उकळून गार केलेलं पाणी, वर तेलाचा थर. दुसरीत गावच्या बोअरचं पाणी. तिसरीत 1 लिटर पाण्याला 35 ग्रॅम मीठ, कारण समुद्राच्या पाण्यात साधारण एवढेच क्षार असतात. चौथीचा गट उत्साही होता. त्यांनी मीठ मोजलंच नाही, तळाशी न विरघळलेला थर साचेपर्यंत टाकलं.

तेलाखालचे खिळे जवळजवळ स्वच्छ राहिले, पाणी होतं पण ऑक्सिजन नव्हता. बोअरच्या पाण्यातले हळूहळू तांबडे झाले. 35 ग्रॅमवाल्या बरणीत दुसऱ्याच दिवशी गंजाचा गढूळपणा आला. आणि चौथ्या बरणीत? तिथे सगळ्यात जास्त गंज येईल असं सगळ्यांना वाटत होतं. आला कमी. त्या गटाचे चेहरे पडले. प्रयोग चुकला असं समजून एक जण बरणी ओतून टाकायला निघाला होता, त्याला थांबवलं.

गंज ही छोट्या विजेरीसारखी क्रिया आहे. लोखंडाच्या एका जागी इलेक्ट्रॉन सुटतात, दुसऱ्या जागी पाण्यातला ऑक्सिजन ते घेतो. मीठ स्वतः गंज करत नाही, ते पाण्याला विजेचं चांगलं वाहक बनवतं आणि ही देवाणघेवाण वेगाने होते. पण मीठ फार वाढलं की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. दोन्हींचा मेळ जिथे बसतो, जिथे लोखंड सगळ्यात वेगाने गंजतं, ते प्रमाण 3 ते 3.5 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे नेमकं समुद्राचं पाणी. ज्यांनी मीठ मोजलं नव्हतं त्यांच्याच बरणीमुळे हे कळलं, म्हणून त्या गटाला मी टाळ्या वाजवायला लावल्या.

पाचवी बरणी नंतर एका मुलीने सुचवली. खिळा खाऱ्या पाण्यात बुडवायचा आणि बाहेर काढून नुसता ठेवायचा. तो बुडवून ठेवलेल्या खिळ्यापेक्षाही लवकर खराब झाला. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी ओलसर होते ना, तसंच. धातूवर वाळलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पातळ ओला थर तयार होतो. त्याला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो. बोटीवरची सुरी अशीच जगते, पाण्यात बुडालेली नसते, ओली-कोरडी-ओली होत राहते.

"पण ती स्टेनलेसची होती ना सर?"

हो, होती. पालकांनीही हे नीट समजून घ्यावं, कारण 'स्टेनलेस' हा शब्द ऐकून आपण निर्धास्त होतो. पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बनतो. तो खरवडला तरी हवेत पुन्हा तयार होतो. ताट-वाट्या त्यामुळेच टिकतात. पण मिठातले क्लोराइड आयन या थराला जागोजागी भोकं पाडतात. मग गंज पसरत नाही, बारीक खड्डे करून आत शिरतो. दादाच्या सुरीवरचे तांबडे ठिपके ते हेच.

शिवाय ताटाचं स्टील आणि सुरीचं स्टील एक नव्हे. वर्गात लोहचुंबक फिरवला. चांगल्या ताटाला तो चिकटला नाही, सुरीला खटकन चिकटला. सुरीला धार धरायची तर पोलाद कडक हवं, कडक करायला कार्बन हवा. आणि हा कार्बन क्रोमियमचा काही भाग स्वतःकडे ओढून घेतो, संरक्षणाला उरतं ते कमी. धार आणि गंजरोध यांचं असं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. यावर तोडगा म्हणून काही पोलादांत कार्बनऐवजी नायट्रोजन घालतात. जपानचं एच-1 हे त्यातलं एक. समुद्रावर वापरायच्या सुऱ्यांसाठी ते नावाजलेलं आहे. आपल्या बाजारात सहज मिळत नाही आणि स्वस्तही नाही, म्हणून तो विषय वर्गात मी दोन मिनिटांत संपवला.

आता दात्यांकडे परत या. गंज कुठे होता? खाचांमध्ये आणि बिजागरीत. सपाट पातं फडक्याने एका हातात पुसून होतं. दात्यांच्या खाचांत फडकं पोहोचत नाही, मिठाचं पाणी तिथेच राहतं. बिजागरीची अरुंद फट तर आणखी वाईट, तिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि संरक्षक थर पुन्हा बनत नाही. चामड्याच्या म्यानाचंही तेच, ते मीठ पिऊन बसतं. आणि एक गोष्ट मुलांनी स्वतः काढली, की धार हा पात्याचा सगळ्यात पातळ भाग. पात्याच्या पाठीवर थोडा गंज आला तर सुरी कुरूप दिसते, तेवढाच धारेवर आला तर सुरी काही न कापताच बोथट होते. म्हणून खाऱ्या पाण्यात धार आणि गंज हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

दादाला काय कळवलं

चौथ्या तासिकेला वर्गाने मिळून पत्र लिहिलं आणि फोनवर फोटो काढून पाठवलं. मजकूर साधारण असा. रोजच्या कामाला साधी धार घ्यावी. घडीची नको, पातं मुठीत पक्कं बसवलेलं हवं. टोक बोथट असावं, कारण बोट हलते आणि सुरी शेजारच्याला लागू शकते. मूठ भडक रंगाची, म्यान प्लास्टिकचं आणि तळाला पाणी निथळायला भोक असलेलं. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, दगडावर दोन हात मारायचे आणि बोटभर खोबरेल लावायचं. (घरी करडईचं तेल असतं म्हणून एकाने ते सुचवलं होतं. करडईचं तेल वाळून चिकट थर धरतं, म्हणून खोबरेल.) जुनी दातेरी सुरी टाकून देऊ नये. ती बिजागरी मोकळी करून, धुऊन-पुसून इंजिनच्या केबिनपाशी टांगून ठेवावी. पंख्यात सैल, ओला दोर गुंतला तर तीच उपयोगी.

एक ओळ मुलांनी नाही, मी घातली. सुरी कमरेच्या मागे नको, कुठल्याही एका हाताने निघेल अशी छातीपाशी हवी. जाळं टाकताना दोराची वेटोळी सरसर पाण्यात जात असतात आणि त्यात पाय सापडला तर माणूस दोराबरोबर ओढला जातो. हे मी वाचलं होतं. वर्गात मोठ्याने सांगितलं तेव्हा त्या मुलाचा चेहरा पाहिला आणि वाटलं, ऑगस्टमध्ये चहा बाजूला ठेवला असता तर बरं झालं असतं.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी लागली आणि जूनमध्ये दादा घरी आला. शाळा उघडल्यावर मला भेटायलाही आला. आईपुढे बोलला नव्हता ते शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलं. फेब्रुवारीत एका खलाशाच्या बुटाला धावत्या दोराचा फास बसला होता आणि तो कठड्यापर्यंत ओढला गेला होता. दादा जवळ होता. सुरी छातीवरून काढली आणि दोराला टेकवली. "ओढायलाच लागली नाही सर. तुम्ही वर्गात केलं तसंच झालं, नुसती टेकवली. फक्त दोराचं टोक चाबकासारखं उलटं आलं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं." त्याच्या मनगटावर वळ अजून दिसत होता.

खरंच सांगितलं नव्हतं. वर्गातली दोरी हातभर होती, तिचं टोक कुणाला लागलं नाही. आता प्रयोग करताना मी ताणलेल्या दोरीवर ओलं पोतं टाकतो आणि मुलांना तिच्या रेषेत बसू देत नाही. तुम्हीही तसंच करा.

ऑगस्टमध्ये परत निघताना दादाने धाकट्याकरवी निरोप पाठवला, शिरूरच्या बाजारात बारीक कणाचा धारेचा दगड मिळतो का बघा. दोन हवेत, एक त्याला आणि एक तांडेलाला.